डोंगराची माती, खाडीचे गणित

आषाढात काळू आणि भातसा दुथडी भरून वाहू लागल्या की त्यांचे पाणी दुधाच्या चहासारखे दिसते. हा रंग कशाचा, हे शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. माळशेज आणि थळ घाटाच्या उतारावरची, नाचणी-वरीच्या वरकस रानातली, बांध फुटलेल्या भातखाचरांतली ती माती असते. ‘वाहून गेली’ असे म्हणून आपण तिचा विषय सोडून देतो आणि गडी बोलावून बांध घालायला लागतो. पण वाहून गेली म्हणजे कोठे गेली? आणि तेथे जाऊन तिने काय केले?

तिची वाट तशी सरळ आहे. भातसा टिटवाळ्याच्या बाजूला काळूला मिळते, काळू पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते आणि उल्हास खाडीला मिळते. या खाडीचे एक तोंड वसईकडे उघडते. दुसरा अरुंद फाटा ठाण्यापाशी दक्षिणेला वळतो आणि ठाण्याची खाडी होऊन मुंबई बंदरात उतरतो. तालुक्याच्या उत्तरेकडची तानसा मात्र वैतरणेची वाट धरते. म्हणजे आपल्या रानातली मूठभर माती वसईला, विरारकडे नाही तर ऐरोली-वाशीच्या बाजूला जाऊन बसते. तेथे ओहोटीला पाणी उतरले की दूरवर राखाडी, गुळगुळीत, चकाकणारा चिखल उघडा पडतो. गुडघाभर पाय रुततो. निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळात शिरतात. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे याच चिखलावर चोच उलटी धरून चरतात. २०१५ साली सरकारने या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचे नाव गेले. शहरवाल्यांना तेथील पक्षी दिसतात, आपल्याला माती दिसावी.

हा चिखल एका जागी मुक्काम करून राहत नाही. कोठे दर वर्षी बोटभर वर चढतो, कोठे लाट त्याचा लचका तोडते, कोठे मधली चर खोल होते आणि कोठे बुजते. पुढच्या वीस-पन्नास वर्षांत तो कोणता आकार घेईल, हे आज आकड्यांनी सांगता येईल काय? जगभरचे अभियंते संगणकावर नेमके हेच गणित मांडत असतात. त्यालाच गणिती मॉडेल म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातला विचार भात लावणाऱ्याला इंजिनिअरच्या आधी समजेल असा आहे.

चिखलाची काळजी कोणाला?

आधी हे पाहू की एवढे गणित करण्याची गरजच काय.

कल्याण हे फार जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव आहे आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनातही आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराची जहाजे बांधायला काढली. वसईजवळचे सोपारे तर त्याहून जुने. आज सोपाऱ्याला बंदर होते हे सांगावे लागते. खाड्या गाळाने भरत गेल्या, हे अशी बंदरे मागे पडण्याचे एक मोठे कारण.

दुसरी काळजी खारवाल्यांची. आपल्याकडचे बरेच लोक सोयरिकीने खालच्या पट्ट्यात, भिवंडी-वसई-पनवेलकडे जोडलेले आहेत, त्यांना हे ठाऊक आहे. खाडीकाठच्या जमिनीत खारे पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून बांधात उघाडी ठेवतात. उघाडीचे दार भरतीच्या पाण्याने आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. या बांधांसाठी १९४८ साली मुंबई राज्यात कायदा झाला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. आता गंमत पाहा. बांधाच्या आत भरतीचे पाणी येत नाही, म्हणून गाळही येत नाही. आतली जमीन आहे तेथेच राहते, उलट दबून थोडी खाली जाते. बाहेरच्या बाजूला मात्र भरती रोज गाळ टाकत राहते. काही वर्षांनी बाहेरचा चिखल आतल्या शेतापेक्षा वर येतो. उघाडीचे तोंड बुजते आणि ऐन श्रावणात आतले पाणी आतच तुंबून भात कुजतो. बांध फुटला तर निराळेच संकट: खारे पाणी शिरते आणि मिठाने बिघडलेली जमीन पावसाने धुऊन निघायला काही वर्षे जातात.

तिसरी काळजी पुराची, आणि ती आपल्या दाराशी येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी कल्याण-बदलापूर पट्टाही पाण्याखाली होता. दुपारी समुद्राला भरतीही होती. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. डोंगरातून आलेले पाणी किती वेगाने समुद्रात उतरेल, हे खाडीचे पात्र किती मोकळे आहे यावरही ठरते. पात्र गाळाने उथळ झाले की मोरी तुंबलेल्या न्हाणीघरासारखी गत होते. काठचे चिखलाचे पट्टे आणि तिवरांची राने शाबूत असली तर पुराला पसरायला जागा मिळते. ती भराव घालून बुजवली तर पाणी आपली जागा दुसरीकडे शोधते.

खाचरांचा हिशेब

आता मॉडेल म्हणजे काय ते पाहू. डोंगराच्या पायथ्याशी एकाखाली एक भातखाचरे आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक खाचराची जमीन किती उंच हे आपल्याला ठाऊक आहे. वरच्या खाचरातून मोरीने पाणी खालच्यात येते, तेथून आणखी खालच्यात. पाणी किती जोराने जाईल, हे दोन खाचरांतल्या पाण्याच्या पातळीच्या फरकावर आणि वाटेत पेंढा, गवत, ढेकळे किती आडवी येतात यावर अवलंबून असते.

संगणक खाडीची अशीच खाचरे पाडतो. समजा खाडीचा १० किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद भाग घेतला आणि त्याचे ५० मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले, तर २०,००० खाचरे होतात. प्रत्येकाची तळाची उंची प्रत्यक्ष मोजणीवरून भरायची. मग समुद्राच्या बाजूच्या खाचरांत भरती चढवायची आणि नदीच्या बाजूने पुराचे पाणी सोडायचे. अर्थात हे सारे आकड्यांत. एका खाचरातून शेजारच्या चार खाचरांत किती पाणी गेले आणि किती आले याचा जमाखर्च मांडायचा. अर्धा मिनिट पुढे जायचे. पुन्हा जमाखर्च मांडायचा.

पाण्याचा हिशेब झाला की मातीचा. प्रत्येक खाचरातल्या पाण्यात किती गाळ तरंगतो आहे, त्यातला किती खाली बसला, तळाचा किती उखडून वर आला, किती शेजारी गेला. आलेल्या मातीतून गेलेली माती वजा केली की उरते ती शिल्लक. शिल्लक जमेची असेल तर त्या खाचराचा तळ तेवढा उंच करायचा, तुटीची असेल तर खाली घ्यायचा. आता तळ बदलला म्हणजे पाण्याची चालही बदलली, म्हणून पुढच्या फेरीत नव्या तळावरून पाणी खेळवायचे. पाणी चिखलाला घडवते, चिखल पाण्याला वळवतो आणि पुन्हा पाणी चिखलाला. सासू-सुनेच्या भांडणासारखे हे न संपणारे आहे. फक्त प्रत्येक शब्द लिहून ठेवायचा. मातीच्या या जमाखर्चाचे समीकरण गेल्या शतकाच्या आरंभी फेलिक्स एक्सनर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

एक छोटे उदाहरण करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका खाचरात एका भरती-ओहोटीत सगळा जमाखर्च होऊन ५० किलो कोरडी माती शिल्लक राहिली. ताज्या चिखलाच्या एका घनमीटरात, पाणी सोडून, माती ४०० किलो धरली तर ५० किलोचा चिखल झाला एक घनमीटराचा आठवा हिस्सा. तो २,५०० चौरस मीटरवर पसरला की थर झाला मिलिमीटरचा विसावा भाग. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पण भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी परत येते, म्हणजे वर्षात सुमारे ७०५ वेळा. ७०५ कागद एकावर एक ठेवले की थर होतो साडेतीन सेंटिमीटर. दहा वर्षांत फूटभराच्या वर! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, येथे कणाकणाने मैदान साचते.

हे झाले एका खाचराचे. वीस हजार खाचरे आणि अर्ध्या मिनिटाचा टप्पा धरला तर एका भरती-ओहोटीसाठी सुमारे तीन कोटी वेळा जमाखर्च लिहावा लागतो. एका वर्षासाठी दोन हजार कोटींच्या वर, पन्नास वर्षांसाठी लाख कोटींच्या वर. संगणकालाही याचा कंटाळा येतो, म्हणजे फार वेळ लागतो. म्हणून अभियंते एक युक्ती करतात. शितावरून भाताची परीक्षा या न्यायाने एका भरतीत तळ जेवढा बदलला त्याला पन्नासने गुणतात आणि पन्नास भरत्या झाल्या असे धरून पुढे जातात. युक्ती चांगली आहे, पण शीत कोणते काढले यावर सारे आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती घेतली तर मुंबईला पाणी चार मीटरांहून जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाला हा फरक बराच कमी असतो. नुसत्या उधाणावरून हिशेब केला तर सगळे वर्ष दांडगे दिसेल, नुसत्या भांगावरून केला तर खाडी झोपलेली दिसेल.

चिखलाचा स्वभाव

वाळूचे गणित त्यामानाने सोपे. वाळूचा कण मोठा, जड आणि एकटा. पाण्याचा जोर असला की हलतो, नसला की बसतो. चिखलाचे तसे नाही. त्याचे कण इतके बारीक असतात की गोड्या पाण्यात ते तासन् तास, दिवसेंदिवस तरंगत राहतात. पण तेच कण खाऱ्या पाण्यात शिरले की एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या बनतात आणि त्या भराभर खाली बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे होते तशातलेच हे. म्हणूनच डोंगरातून शंभर किलोमीटर वाहत आलेली माती समुद्राच्या उंबरठ्यावर येऊन बसते.

हे घरी पाहता येते. शेतातली चिकण माती पाण्यात कालवून, खडे-वाळू खाली बसू देऊन, वरचे गढूळ पाणी दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत भरावे. एका बाटलीत दोन चमचे मीठ घालून दोन्ही हलवून ठेवाव्यात. मिठाची बाटली आधी निवळते. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून हा प्रयोग करून घ्यावा, त्यांना आवडेल.

बसलेला चिखल पुन्हा उठतो कसा, हे आणखी नाजूक आहे. अंगण सारवल्यावर लगेच सर आली तर सगळे सारवण वाहून जाते. दोन दिवस उन्हात वाळले तर तीच सर त्याचे फारसे बिघडवत नाही. चिखलही तसाच. आज बसलेला थर उद्याच्या ओहोटीला सहज निघतो, पण महिनाभर दबलेला, ओहोटीला उन्हात तापलेला थर घट्ट धरून बसतो. पाण्याचा जोर एका ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला तरच तो सुटतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रोन आणि पार्थेनियाडीस या दोघा अभियंत्यांनी लांब पन्हळीत खाडीचा चिखल घालून, त्यावरून पाणी खेळवून बसण्याचे आणि उखडण्याचे नियम काढले. आजची बहुतेक मॉडेले अजून त्यांच्याच नियमांवर उभी आहेत.

यात भर म्हणजे चिखल जिवंत आहे. त्याच्यावर शेवाळाची बारीक साय धरते आणि ती कणांना बांधून ठेवते. चिंबोऱ्या बिळे करून तोच चिखल सैल करतात. तिवरांची मुळे पाण्याचा वेग मोडतात आणि गाळ अडवतात. हे सारे आकड्यांत बसवणे अवघड आहे आणि माझ्या मते मॉडेलांची खरी कसोटी येथेच लागते.

आणखी एक गोष्ट डच शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात त्यांच्या किनाऱ्यावर हेरली. भरती ओसरते तितकेच पाणी ओसरते, मग गाळ आतच का राहतो? कारण असे की गाळाचा कण बसायला वेळ घेतो. भरतीचे पाणी काठाकडे येता येता मंदावते, कण खाली बसू लागतो, पण बसता बसता आणखी थोडा आत ढकलला जातो. ओहोटी सुरू झाली तरी काठाजवळ पाण्याला सुरुवातीला जोर नसतो, आणि जोर येईपर्यंत पाणी उतरून गेलेले असते. कण मागेच राहतो. जत्रेला गेलेल्या पोरासारखा, रोज थोडा थोडा पुढे.

या सगळ्याचा परिणाम पट्ट्याच्या आकारावर दिसतो. जेथे भरती-ओहोटीचे राज्य आहे आणि गाळ भरपूर येतो, तेथे चिखलाचा पट्टा बाजूने पाहिला तर पोळीसारखा मध्ये फुगलेला असतो. अशी जागा वाढती समजावी. जेथे लाटांचा मारा आहे, तेथे तो काठवटीसारखा आत खचलेला असतो. तेथे चिखल जातो आहे. मॉडेल चालवून पाहताना अभियंता आधी हेच बघतो की पोळी होते आहे की काठवट.

कागदावरून खाडीपर्यंत

खाडीचे गणित करण्याची पहिली मोठी कामगिरी संगणक नसताना झाली. हॉलंडमध्ये १९१६ साली समुद्राचे पाणी शिरून मोठा पूर आला. त्यानंतर तेथील सरकारने झायडर झे नावाचे आतले आखात ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाने बंद करायचे ठरवले. प्रश्न असा होता की बांध घातल्यावर बाहेरच्या किनाऱ्यावर भरती किती चढेल? तेथील बांध किती उंच करावे लागतील? १९१८ साली नेमलेल्या समितीचे प्रमुखपद हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांना दिले. हे भौतिकशास्त्राचे १९०२ सालचे नोबेल विजेते. त्यांनी तेथील खाड्यांचे जाळे कागदावर मांडले, भाग पाडले आणि हाताने हिशेब केला. आठ वर्षे लागली. १९२६ साली अहवाल आला, १९२८ साली लॉरेन्ट्झ वारले आणि १९३२ साली बांध पुरा झाला. भरती त्यांच्या हिशेबाच्या अगदी जवळपास चढली.

पाण्याचे गणित असे बरोबर आले. तळाची गोष्ट मात्र निराळी. बांधाबाहेरच्या चरा आणि गाळाचे पट्टे नव्या परिस्थितीशी जमवून घ्यायला कित्येक दशके बदलत राहिले. पाणी एका दिवसात आपली पातळी शोधते, चिखलाला एक पिढी पुरत नाही.

आपल्याकडे हे काम पुण्याजवळ खडकवासल्याला चालते. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे त्याचे नाव. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्याच्या कामांसाठी ते सुरू झाले. त्याचे एक जुने प्रमुख क्लॉड इंग्लिस पुढे इंग्लंडमध्ये नव्याने निघालेल्या अशाच केंद्राचे पहिले संचालक झाले. म्हणजे महाराष्ट्रात शिकलेली विद्या विलायतेला गेली. खडकवासल्याला मोठाल्या शेडमध्ये सिमेंटच्या खाड्या बांधलेल्या असतात. मुंबई बंदराचीही अशी प्रतिकृती करून तिच्यात यंत्राने भरती-ओहोटी आणली गेली. अशा प्रतिकृतीत बारा तासांची भरती-ओहोटी काही मिनिटांत उरकते. पाण्याच्या प्रवाहासाठी ही पद्धत नामी आहे. पण चिखलापुढे ती अडते, कारण खाडी शेकडो पटींनी लहान करता येते, तरी मातीचा कण तेवढ्या प्रमाणात लहान करता येत नाही. तो मुळातच इतका बारीक असतो! म्हणून आता सिमेंटच्या खाडीच्या जोडीला आकड्यांची खाडी आली. मुंबई बंदर, १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर अशांच्या कामासाठी जहाजांची वाट किती बुजेल, उपसा किती करावा लागेल, याचे अभ्यास तेथे झाले आहेत.

मॉडेलला खाऊ घालायला नोंदी लागतात. भरतीच्या बाबतीत मुंबई नशीबवान आहे. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी आहेत. आशियात इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या ठिकाणी सापडतील. हिंदुस्थानातल्या बंदरांच्या भरतीचे आगाऊ गणित करायला १८७९ साली लंडनमध्ये चाकांचे आणि कप्प्यांचे एक खास यंत्रही तयार झाले होते. भरतीला चंद्र-सूर्य बांधील आहेत, म्हणून ती वर्षभर आधी छापता येते. चिखलाला कोणीच बांधील नाही. त्याच्या नोंदी जागोजाग काठी घालूनच घ्याव्या लागतात.

म्हणून कोणताही जाणता अभियंता मॉडेलला थेट पुढचे विचारत नाही, आधी मागचे विचारतो. जुना नकाशा घालायचा, वीस वर्षे चालवायचे आणि आज जो तळ प्रत्यक्ष आहे तो येतो का ते बघायचे. आला तर पुढे जायचे. नाही आला तर चिखलाच्या घट्टपणाचे, गाळाच्या प्रमाणाचे आकडे पुन्हा तपासायचे. मधल्या काळात कोणी बांध घातला, कोणी रेती उपसली, कोणी भराव टाकला हे मॉडेलला सांगितले नाही तर त्याला ते कळत नाही. हे सांगू शकतो खाडीकाठचा आगरी-कोळी. कोणती चर कोणत्या सालच्या पुरात फुटली, होडी पूर्वी कोठून जायची आणि आता कोठे रुतते, हे त्याच्या तोंडी असते. एखाद्या साहेबाने ‘दादा, येथे तळ कसा होता?’ असे विचारले तर तो खुशीने सांगेल. विचारत नाहीत हे दुर्दैव.

धरणांची तालुके

आता आपल्याकडे येऊ. शहापूर म्हणजे धरणांचा तालुका. तानसा १८९२ सालचे, मोडकसागर १९५७ चे आणि भातसा १९८३ चे. भातसाचा बांध ८८ मीटर उंच. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. ते पाणी नदीने पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईकडे जाते. मुरबाडच्या बाजूला बारवी आहे. (धरणाच्या काठच्या पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हा विषय येथला नाही, पण तो लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.)

धरण पाणी अडवते, तसा गाळही अडवते. वरच्या डोंगराची जी माती पूर्वी खाडीत जायची, तिच्यातली बरीचशी आता जलाशयात बसते. त्यातून दोन गोष्टी होतात. धरणाची साठवण वर्षावर्षाने थोडी थोडी घटते. आणि खाडीच्या वाट्याला डोंगराची माती कमी, शिवाय पुराचे पाणीही कमी येते. माती कमी आली म्हणून चिखलाचे पट्टे खचतील, की पुराचा धक्का कमी झाला म्हणून समुद्राकडून आलेला गाळ तेथेच ठाण मांडून पात्र आणखी बुजेल? दोन्ही शक्य आहे, आणि एकाच खाडीत एका जागी एक व दुसऱ्या जागी दुसरे होऊ शकते. अंदाजाने याचे उत्तर देता येत नाही. नेमक्या अशाच प्रश्नासाठी मॉडेल उपयोगी पडते: धरण घालून एकदा चालवा, धरण काढून एकदा चालवा आणि दोन्ही तळ शेजारी ठेवून बघा.

समुद्रही स्वस्थ नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढण्याचा वेग अलीकडे अधिक आहे. पाणी चढेल तसा चिखलही गाळ घेऊन चढत गेला, तर पट्टे आणि तिवरे टिकतात. गाळ पुरला नाही तर ती बुडतात आणि मागचे खार बांध उघडे पडतात. म्हणजे मुरबाडच्या डोंगरातली माती वसईच्या बांधाला हवी आहे आणि मुरबाडच्या शेतकऱ्याला ती आपल्या शेतात हवी आहे! यात शेतकऱ्याने आपली माती सोडावी असे कोणी म्हणणार नाही. कसदार माती शेतातच राहावी. मजगी, समतल बांध, उतारावर गवताचे पट्टे हे चालूच राहिले पाहिजे. पण खाली गाळ कमी पडला तर त्याची भरपाई कशी करायची, तिवरे कोठे राखायची, भराव कोठे थांबवायचा, हे ठरवणाऱ्यांच्या हाती हा हिशेब असला पाहिजे आणि तो गावसभेत मराठीत समजावून सांगितला गेला पाहिजे. पूल, बंदर, बांध यांच्या अहवालात मॉडेलची रंगीत चित्रे असतात. तेव्हा तीन प्रश्न बेलाशक विचारावेत: तळाची मोजणी कोणत्या साली केली? मागच्या वर्षांवर मॉडेल तपासले काय? पावसाळ्यातला गाळ धरला की नुसता उन्हाळ्यातला?

जाता जाता एक खुलासा. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतात टाकला जातो. ते पाहून खाडीचा गाळही शेतात चालेल असे कोणाला वाटेल. तो टाकू नये. त्यात मीठ असते, जमीन बिघडेल. तलावाचा गाळसुद्धा आधी तपासून घ्यावा आणि हलक्या, मुरमाड जमिनीलाच द्यावा.

आपल्या शेततळ्यात किंवा नाल्यावरच्या बंधाऱ्यात वर्षाला किती माती येते, हे मोजायला संगणक नको. उन्हाळ्यात तळे कोरडे असताना तीन ठिकाणी, एक पाणी आत येते तेथे, एक मध्ये आणि एक सांडव्याजवळ, लोखंडी सळी फूट-दीड फूट ठोकून बसवावी. तळाशी सळीवर रंगाने खूण करावी आणि तेथून वर सेंटिमीटरच्या रेघा माराव्यात. पुढच्या वैशाखात पाणी आटल्यावर गाळ कोणत्या रेघेपर्यंत आला ते वहीत लिहावे. तिन्ही आकड्यांची सरासरी घेऊन तिला शंभरने भागावे, म्हणजे मीटर होतील. त्याला तळ्याच्या तळाच्या चौरस मीटरांनी गुणले की वर्षाला आलेल्या गाळाचे घनमीटर मिळतात. वहीत त्याच पानावर त्या वर्षीचा पाऊस आणि वरच्या रानात कोणते पीक होते, तेही लिहावे. सळीचे वरचे टोक वाकवून ठेवावे, म्हणजे गुरांना लागणार नाही.